साल्हेरवर मुक्कामाला जाताय? आधी पाणी मोजा, मग सॅक भरा

सटाणा : दिवाळी सरली, कांद्याच्या लागणी उरकत आल्या की बागलाण, कळवण, देवळा, मालेगाव भागातल्या पोरांच्या ग्रुपवर एकच विषय सुरू होतो. साल्हेरला जायचं, आणि नुसतं जाऊन यायचं नाही, वर राहायचं. गुहेत झोपायचं, पहाटे परशुरामाच्या मंदिरापाशी सूर्य उगवताना बघायचा. बेत चांगलाच आहे. अडचण एवढीच की हा बेत बहुतेक वेळा मोबाइलवरचा तीस सेकंदांचा व्हिडिओ बघून ठरतो. त्या व्हिडिओत सूर्योदय असतो. पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन चढणारा माणूस त्यात नसतो.

साल्हेर हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. उंची १५६७ मीटर. राज्यात त्याच्यापेक्षा उंच शिखर एकच, १६४६ मीटरचं कळसूबाई. गड बागलाण तालुक्यात, गुजरातच्या डांग भागाला लागून आहे. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोनं मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले ११ महाराष्ट्रातले, आणि नाशिक जिल्ह्यातला एकटा साल्हेर. तेव्हापासून गडाचं नाव राज्यभर झालं. गाडीरस्ता मात्र पूर्वीसारखाच पायथ्यापाशी संपतो. वर ना दुकान, ना नळ, ना लाइट. जे लागेल ते पाठीवर न्यायचं आणि जे उरेल ते पाठीवरच खाली आणायचं.

म्हणून वर राहायचं असेल तर विचारायच्या गोष्टी तीनच. राहायला परवानगी आहे का, पाणी किती लागेल आणि अंधार पडायच्या आत पोचणार का. बाकीचं सामान नंतर.

वर राहता येतं का?

हा प्रश्न सगळ्यात आधी, कारण बरेच जण तो विचारतच नाहीत. साल्हेर हे राज्य संरक्षित स्मारक आहे. त्याची देखभाल राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे, आणि आजूबाजूच्या डोंगरात वनखात्याची हद्द लागते. संरक्षित स्मारक म्हणजे मोकळं माळरान नव्हे. तिथं खुंट्या ठोकायच्या, दगड हलवून चूल मांडायची, भिंतीवर नाव कोरायचं, यातलं काहीही चालत नाही. पूर्वी ट्रेकर मंडळी वरच्या गुहांमध्ये सर्रास राहायची, अजूनही लोक तसंच सांगतात. पण एखादी गोष्ट आजवर चालत आली म्हणून तिला परवानगी आहे असं होत नाही. वारसा यादीत नाव गेल्यावर तर नियम कडक होणार हे धरूनच चालावं.

त्यामुळे निघायच्या आठवडाभर आधी पायथ्याच्या ग्रामपंचायतीत, वनखात्याच्या स्थानिक कर्मचाऱ्याकडे किंवा पुरातत्त्व विभागाच्या नाशिक कार्यालयात विचारून घ्यावं. फोनवर सांगितलेलं लिहून ठेवावं, कोणी सांगितलं तेही लिहावं. ‘नाही’ म्हणाले तर बेत मोडत नाही. मुक्काम वाघांबे किंवा साल्हेरवाडीत करायचा आणि पहाटे चढायचं. खरं सांगायचं तर घरच्यांना, लहान मुलांना किंवा पहिल्यांदा येणाऱ्यांना घेऊन जायचं असेल तर परवानगी असली तरी हाच बेत बरा. झोप नीट होते, पाठीवर ओझं अर्ध्यानं कमी असतं आणि चार पैसे गावात राहतात.

गावात मुक्काम म्हणजे कोणाच्याही वावरात तंबू टाकणं नव्हे. रब्बीत हरभरा-गहू उभा असतो. बांध बघून, मालकाला विचारूनच जागा घ्यावी. घराच्या ओट्यावर किंवा अंगणात सोय झाली तर उत्तम. जेवणाचं आदल्या दिवशी सांगितलं तर नागलीची किंवा बाजरीची भाकरी, उडदाची डाळ, ठेचा असं गरम ताट मिळू शकतं. रात्री नऊला दहा जण दारात उभे राहिले तर त्या घरातल्या बाईनं काय करायचं?

वाट कोणती

नाशिकहून सटाणा साधारण ९० किलोमीटर. तिथून ताहाराबाद, मुल्हेर करत गाडी वाघांब्याकडे आणि पुढे साल्हेरवाडीकडे जाते. स्वतःची गाडी नसेल तर सटाणा आगारात आदल्या दिवशीच एसटीची वेळ विचारावी. जातानाची विचारावी तशी परतीचीही, कारण ती हुकली की रविवारी संध्याकाळी जीपची वाट बघत बसावं लागतं.

गडावर जायच्या दोन मुख्य वाटा. पहिली वाघांब्याहून. ही वाट आधी साल्हेर आणि सालोटा या दोन गडांच्या मधल्या खिंडीत नेते. खिंडीतून एका बाजूला सालोटा, दुसऱ्या बाजूला साल्हेर. साल्हेरच्या बाजूला वळलं की कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे लागतात, मग कड्याच्या कडेनं आडवी वाट. दुसरी वाट साल्हेरवाडीहून दुसऱ्या अंगानं पायऱ्या-दरवाज्यांनी चढते. दोन्ही वाटा वरच्या पठारावर जातात. पठारावर गंगासागर तलाव, पाण्याची टाकी, गुहा आहेत. तिथून शेवटचा उभा चढ चढला की परशुरामाचं मंदिर.

पायथ्यापासून माथ्यापर्यंत सात-आठशे मीटरची उभी चढण आहे. रोज शेतात राबणारा गडी रिकाम्या हातानं ती अडीच-तीन तासांत चढेल. पाठीवर बारा-पंधरा किलो असलं, सोबत शहरातले पाहुणे असले, तर चार तास धरावेत, कधी जास्तही. ग्रुपचा वेग हा सगळ्यात हळू चालणाऱ्याचा वेग असतो. त्याला पुढे ठेवावं, म्हणजे मागे कोणी सुटत नाही.

शक्य असेल तर एका वाटेनं चढून दुसरीनं उतरावं, दोन्ही अंगांचा गड बघून होतो. मात्र मग गाडी वाघांब्यात आणि माणसं साल्हेरवाडीत, असा घोळ होतो. त्याची तजवीज आधीच करून ठेवावी. खिंडीत उभं राहिल्यावर सालोटा अगदी हाताशी दिसतो आणि कोणीतरी म्हणतंच, पटकन जाऊन येऊ. मुक्कामाचं ओझं पाठीवर असताना तो मोह टाळलेला बरा. सालोट्याची वाट घसरड्या घाऱ्याची आहे आणि तिथं घालवलेला दीड-दोन तासांचा वेळ साल्हेरच्या वाटेवर अंधार होऊन पुढे उभा राहतो.

ज्यांना एवढं अवघड नको त्यांनी पहिला सराव मुल्हेरला करावा. मुल्हेरची माची रुंद, झाडीची आहे, सोमेश्वर महादेवाचं मंदिर, मोती तलाव तिथंच. बागलाण हे नाव ज्यांच्यावरून पडलं त्या बागुल राजांची ही राजधानी. चांदवड तालुक्यातल्या हट्टी गावाहून धोडपही सरावाला चांगला. एक रात्र सॅक घेऊन चालल्यावर आपल्याला काय झेपतं ते कळतं, आणि साल्हेरची यादी आपोआप लहान होते.

पाण्याचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. एका माणसाला दुपारी चढायला लागल्यापासून दुसऱ्या दिवशी दुपारी उतरेपर्यंत प्यायला किमान चार लिटर पाणी लागतं. चहा आणि स्वयंपाकाला आणखी एक. म्हणजे माणशी पाच लिटर. सहा जणांचे तीस. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, म्हणजे हे तीस किलो झाले. तंबू, अंथरूण, शिधा वेगळा. हे सगळं पाठीवर चढवणं शक्य नाही, म्हणून लोक म्हणतात, वर टाकी आहेत की!

टाकी आहेत. पण त्यातलं पाणी म्हणजे साठवलेला पाऊस. विहिरीला झरा असतो, कॅनॉलला आवर्तन असतं. गडावरच्या टाक्याला पुढच्या जूनपर्यंत काहीच नाही. नोव्हेंबरात ते भरलेलं दिसतं, फेब्रुवारीत खाली जातं, एप्रिल-मे मध्ये उरलेल्या पाण्यावर शेवाळ धरतं. कोणतं टाकं पिण्याचं आणि कोणतं वापराचं, हे गावातल्या माणसाला विचारूनच चढावं. गेल्या आठवड्यात वर जाऊन आलेला गुराखी किंवा वाटाड्या सांगेल ती माहिती दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओपेक्षा खरी.

बेत असा करावा. प्रत्येकानं तीन लिटर खालूनच भरून घ्यायचं. हे चढणीचं आणि रात्रीच्या पिण्याचं. वाटेत कुठं पाणी मिळेल या भरवशावर एक बाटलीही कमी करू नये. उरलेलं, म्हणजे सहा जणांचं बारा लिटर, वरच्या पिण्याच्या टाक्यातून घ्यायचं. ते सुती फडक्याच्या चार घड्या करून गाळायचं आणि खळाखळा उकळायचं. छोट्या गॅसवर बारा लिटर उकळायला तासभर जातो आणि गॅसही बराच संपतो, म्हणून निम्मं उकळून निम्म्याला मेडिक्लोरसारखं क्लोरीनचं औषध टाकलं तरी चालतं. प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं, टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यावर औषध नीट काम करत नाही, गाळणं आधी.

आणि एक गोष्ट, जी सांगायला लाज वाटते पण सांगावी लागते. टाक्यात पाय धुवायचे नाहीत, भांडी विसळायची नाहीत, साबण लावायचा नाही, पोहायचं तर नाहीच. नदीत घाण टाकली तर वाहून तरी जाते, टाक्यातली तिथंच राहते. त्या पाण्यावर मागून येणारी माणसं आणि गुरं अवलंबून असतात. भांडी पाणी बाहेर काढून, दूर नेऊन, माती-राखेनं घासावीत. शौचाला टाक्यापासून, वाटेपासून आणि गुहेपासून चांगलं शंभर पावलं लांब, उताराच्या खालच्या अंगाला जावं, वीतभर खड्डा करून माती लोटावी. कागद, पॅड, डायपर पिशवीत बांधून खाली आणावं. सोबत बायका असतील तर आडोशाची जागा उजेडातच बघून ठेवावी, रात्री बॅटरी घेऊन शोधत फिरायची वेळ आणू नये.

वेळेचा हिशेब उलटा करा

बहुतेक ग्रुप निघायची वेळ ठरवतात. ठरवायची ती पोचायची. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगराच्या सावलीच्या अंगाला त्याआधीच अंधारून येतं. वर पोचल्यावर गुहा झाडायला, पाणी आणायला, गाळायला दीड-दोन तास हवेत. म्हणजे चार वाजता पठारावर. चार तासांची चढण धरली तर पायथ्यावरून दुपारी बारा. सटाण्यातून नऊ-साडेनऊला निघावं, म्हणजे वाटेतला चहा, गाडी लावणं आणि गावात विचारपूस होते. मालेगाव किंवा नाशिकहून येणाऱ्यांनी त्यात आपापला रस्ता मिळवावा.

काही कारणानं उशीर झाला आणि दुपारचे दोन वाघांब्यातच वाजले, तर चढायचं नाही. गावात थांबायचं, सकाळी चढायचं. हा एक नियम पाळला तर निम्मे घोळ होतच नाहीत. खिंडीच्या पुढच्या पायऱ्या, कड्याच्या कडेची आडवी वाट अंधारात ओझ्यासकट चढणं म्हणजे एक चुकीचं पाऊल आणि दरी. मोबाइलच्या टॉर्चवर तर मुळीच नाही. एक हात मोबाइलला गुंतला की कातळ धरायला एकच हात उरतो. प्रत्येकाकडे कपाळाला लावायची बॅटरी असावी, दोनशे-तीनशे रुपयांत मिळते.

महिने कोणते? ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात गड सुंदर दिसतो यात वाद नाही, पण धुक्यात दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही, पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि गुहाही ओलसर. पावसाळी शनिवार-रविवारी त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरिहरच्या पायऱ्यांवर काय कोंडी होते ती सगळ्यांनी पाहिलीय. मार्चनंतर ऊन आणि आटलेली टाकी. डिसेंबर-जानेवारीत थंडी चांगलीच असते. त्रास थंडीच्या आकड्यापेक्षा वाऱ्याचा जास्त. पठारावर वाऱ्याला अडवायला काही नाही. घामानं भिजलेला सदरा पोचल्या पोचल्या बदलावा, कानटोपी आणि जाड चादर-ब्लँकेट असावं, खाली अंथरायला चटईसारखं काहीतरी हवंच, कारण दगड अंगातली ऊब ओढून घेतो.

मार्गशीर्षात जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. या भागातल्या कोकणा आणि इतर आदिवासी समाजाचा डोंगऱ्या देवाचा उत्सव तेव्हा असतो. मंडळी कडक व्रत पाळतात, पावरीच्या तालावर नाचतात, पौर्णिमेच्या सुमारास डोंगरातल्या आपल्या गडाच्या ठिकाणी रात्री जागवतात. तो कार्यक्रम पर्यटकांसाठी नाही. समोर आला तर बाजूला उभं राहावं, विचारल्याशिवाय मोबाइल काढू नये, पायात चपला-बूट घालून त्यांच्या देवाच्या जागेत शिरू नये.

गुहेत रात्र काढायची तर

परवानगी असेल आणि गुहेत राहायचं ठरलं तर आत शिरण्याआधी बॅटरी मारून कोपरे, दगडांच्या सांदी, छत नीट बघावं. साप, विंचू, वटवाघळं यांचं ते घर आहे. उंदीर असतातच. खाण्याच्या पिशव्या जमिनीवर न ठेवता टांगून ठेवाव्यात. बूट सकाळी झटकून घालावेत. या पट्ट्यात बिबट्याही आहे, म्हणून रात्री एकट्यानं लांब जायचं नाही आणि उष्टं-खरकटं गुहेच्या तोंडाशी टाकायचं नाही.

चूल पेटवू नये. गुहेत धूर कोंडतो, कातळ काळा पडतो, आणि बाहेर जानेवारीनंतर गवत इतकं वाळलेलं असतं की एक ठिणगी पुरते. राखीव वनात आग लावणं किंवा निष्काळजीपणानं लागू देणं हा भारतीय वन कायदा १९२७ प्रमाणं गुन्हा आहे. गुन्हा बाजूला ठेवला तरी तो वणवा पायथ्याच्या गावाच्या चाऱ्यावर जातो. छोटा गॅस न्यावा, आणि तोही चालेल का हे परवानगी विचारतानाच विचारावं. नाहीतर खालूनच भाकरी-चटणी, दशम्या, गूळ-शेंगदाणे, उकडलेली अंडी घ्यावीत. एका रात्रीला तेवढं पुरतं, आणि भांडी घासायचं पाणीही वाचतं.

धुराचा आणखी एक धोका म्हणजे आग्या मोहोळ. सह्याद्रीच्या कड्यांना ही पोळी लटकलेली असतात. धूर, उग्र सेंट, आरडाओरडा, फेकलेला दगड यानं माश्या उठतात. पोळं दिसलं तर गपचूप पुढं सरकावं. उठल्याच तर हात झटकत बसू नये, तोंड आणि मान कापडानं झाकून वाटेनंच लांब जावं. धावताना कड्याचं भान ठेवावं.

दारूचं थोडक्यात. सार्वजनिक ठिकाणी पिऊन धिंगाणा हा दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहेच, आणि कड्यावर तोल जायला पोलिस लागत नाहीत. स्पीकर खालीच ठेवावा.

मोबाइल आहे, रेंज नाही

मुल्हेरच्या पुढं रेंज कधी येते, कधी जाते. डोंगराच्या एका अंगाला मिळते तर दुसऱ्या अंगाला नाही. म्हणून मोबाइलवर विसंबायची कामं सटाण्यातच उरकावीत. त्या भागाचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवावा, घरी शेवटचं लोकेशन पाठवावं, वाटाड्याचा नंबर दोघा-तिघांच्या फोनमध्ये असावा. चढताना फोन एरोप्लेन मोडवर टाकला तर बॅटरी दुप्पट पुरते, रेंज शोधण्यातच ती सगळ्यात जास्त खर्च होते. ग्रुपमधला एक फोन पूर्ण चार्ज करून, बंद करून, पिशवीत ठेवावा. तो फोटोसाठी नाही.

गावात एक चिठ्ठी ठेवावी. त्यावर किती जण, नावं, कोणत्या वाटेनं चढणार, कोणत्या वाटेनं कधी उतरणार, घरचा एक नंबर. चिठ्ठी जिथं जेवण सांगितलं त्या घरी किंवा ग्रामपंचायतीजवळच्या दुकानात. तसलीच दुसरी घरी. वर काही झालं तर मदतीला सगळ्यात आधी पायथ्याची पोरंच चढतात. बाहेरून गाडी आणि माणसं यायला तास जातात. पोरांना निदान कोणत्या वाटेनं जायचं ते माहीत असावं.

कोणी पडलं, पाय मोडला, तर उचलून पळापळ करू नये. पाय काठी आणि कापडानं बांधून हलणार नाही असा करावा, अंगावर ब्लँकेट टाकावं, एकानं जवळ थांबावं आणि दोघांनी मिळून रेंज किंवा गाव गाठावं. ११२ ला किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लागला की आधी जिल्हा नाशिक, तालुका बागलाण, गड साल्हेर आणि पायथ्याचं गाव सांगावं. गुजरातची हद्द जवळ आहे, त्यामुळे जिल्हा-तालुका स्पष्ट सांगणं इथं जास्तच गरजेचं. सर्पदंशाला चिरणं, चोखणं, घट्ट दोरी बांधणं, मांत्रिक, यातलं काही नाही. माणसाला चालवू नये, चावलेला भाग स्थिर ठेवावा, लसीसाठी थेट सरकारी दवाखाना गाठावा.

वर बघायचं काय?

एवढं सगळं नेऊन वर चढल्यावर नुसते फोटो काढून येऊ नये. गड शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये घेतला. मोगलांनी तो परत घ्यायला वेढा घातला आणि १६७२ मध्ये पायथ्याच्या मुलखात मोठी लढाई झाली. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांच्या फौजांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. सूर्याजी काकडे याच लढाईत पडले. माथ्यावरून खाली बघितलं की सैन्य कुठून आलं असेल, कुठं अडलं असेल, याचा अंदाज बांधता येतो. समोर सालोटा, लांबवर मांगी-तुंगीची जोडशिखरं, मुल्हेर, मोरा, हरगड, आणि पश्चिमेला डांगचं रान. परशुरामानं इथून बाण मारून समुद्र मागं हटवला आणि कोकण झालं, ही कथा गावातली म्हातारी माणसं अजून सांगतात.

पायथ्याच्या गावांसाठीही हा काळ महत्त्वाचा आहे. कळसूबाईच्या पायथ्याला बारी गावात ट्रेकरच्या जेवणा-मुक्कामावर अनेक घरांना हंगामी कमाई होते. वाघांबे आणि साल्हेरवाडीला ते जमायला हरकत नाही. वाटाड्याचा दर, जेवणाचा दर, गाडी लावायचा दर एका पाटीवर लिहिलेला असला की घासाघीस होत नाही. येणाऱ्यांची नोंद एका वहीत झाली की कोण वर आहे ते गावाला कळतं. आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजून वर सोडल्या, मोजून खाली घेतल्या, तर टाक्यांत त्या तरंगताना दिसणार नाहीत. पाहुण्यांनीही वाटाड्याला ठरलेले पैसे न कुरकुरता द्यावेत. तो जो रस्ता दाखवतो तो फुकटचा असता तर लोक चुकले नसते.

उतरताना घाई करू नये. गुडघे चढताना नाही, उतरताना बोलतात. सकाळी नऊला निघालं तर दुपारी बारा-एकपर्यंत गावात. उतरल्यावर पहिलं काम म्हणजे ज्याच्याकडे चिठ्ठी ठेवली त्याला जाऊन सांगायचं की सगळे खाली आलो. हे अनेक जण विसरतात आणि तसेच गाडीत बसतात. मग अंधार पडल्यावर गावातली चार पोरं बॅटऱ्या घेऊन रिकाम्या गडावर शोधायला निघतात, आणि ज्यांना शोधायचं ते तोवर ताहाराबादच्या स्टँडवर चहा पीत असतात.